कपाचा गोल डाग

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर कपाचा एक गोल डाग आहे. तो पुसू नका. मी एक जुनी चेकलिस्टची पुस्तिका आहे आणि विमानाच्या पुढच्या खोलीत, दोन वैमानिकांच्या मधल्या कप्प्यात माझं आयुष्य गेलं.

छापखान्यात माझी पानं जाड, चकचकीत कागदावर छापली गेली. पानांच्या कडांना रंगीत जिभा लावल्या, म्हणजे घाईत नेमकं पान हाती यावं. आग लागली तर काय करायचं, चाक उघडलं नाही तर काय करायचं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं माझ्या पोटात होतं. नवी होते तेव्हा माझा केवढा मान! कप्तान मला दोन्ही हातांनी उचलून पुन्हा जागेवर ठेवायचे.

मग खिडकीशेजारी टॅबलेटचा एक चपटा पडदा आला. बोट टेकवलं की तो हवं ते पान दाखवायचा. मला हात लावायला कोणाला वेळ उरला नाही. माझ्यावर पेन, चष्मे, बिस्किटांचे पुडे येऊन पडू लागले. अडगळीला जीव असतो हे कोणाच्या लक्षातही येत नाही, मित्रांनो.

आमच्या कप्तानांना सगळे पाठीमागे ‘सावकाश सर’ म्हणत. निवृत्तीला आलेला माणूस, पाण्याचा घोटही विचार करून घेणारा. त्या सकाळी त्यांच्यासोबत सहवैमानिक म्हणून एक तरुण मुलगी होती. हाताची मोठी चलाख, आणि तेवढीच उतावळी. तिने कॉफीचा भरलेला कप थेट माझ्यावर ठेवला.

“उचल तो कप,” सर म्हणाले.

“सर, हिचा आता एवढाच उपयोग आहे,” ती हसली. कप उचलताना कॉफी सांडली आणि माझ्या पानांत झिरपली. साखरेची कॉफी होती. वाळता वाळता माझी दोन पानं एकमेकांना चिकटली. मला फार वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

तासाभराने, विमान ढगांच्या वर असताना, मोठा धडाका झाला. सगळं विमान थरथरू लागलं, जळका वास आला आणि तो चपटा पडदा खटकन निसटून पायांखाली गेला. विमान त्या वेळी तिच्या हातात होतं.

“तूच चालव,” सर म्हणाले. “मी वाचतो.” आणि कित्येक वर्षांनी कोणीतरी मला दोन्ही हातांनी उचललं.

आमच्याकडे एक रीत आहे. बिघडलेल्या इंजिनाचं इंधन तोडण्याआधी एकाने त्या इंजिनाच्या इंधनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, कोणतं इंजिन ते मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने काटे बघून ‘बरोबर’ म्हणायचं. त्याशिवाय दांडा हलवायचा नाही. सरावात ही मुलगी काट्यांकडे न बघताच ‘बरोबर’ म्हणून मोकळी व्हायची. कप्तान कशाला चुकतील, असं तिला वाटायचं.

सरांनी दांड्यावर हात ठेवला. “उजवं इंजिन.”

पंधरा दिवसांपूर्वीच्या सरावात उजवंच इंजिन बंद पडलं होतं. हाताला तीच वाट आठवली. चांगलं चाललेलं इंजिन बंद केलं असतं, तर एकशे बासष्ट माणसांचं काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. मुलीचं तोंड ‘बरोबर’ म्हणायला उघडलं होतं. पण या वेळी तिने काटे पाहिले.

“नाही सर. डावं.”

सरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, काट्यांकडे निरखून पाहिलं. “डावं. शाब्बास.” डावं इंजिन बंद झालं आणि थरथर थांबली. मला एवढा आनंद झाला की पंख असते तर मीच उडाले असते.

ढगांतून खाली आल्यावर जवळच्या विमानतळाची धावपट्टी समोर दिसू लागली. मागून प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या ताईंचा फोन आला. “धावपट्टी दिसतेय तर उतरत का नाही, असं लोक विचारतायत. काय सांगू?”

“जरा थांबायला सांगा,” सर म्हणाले आणि मुलीकडे वळले. “आधी तू बोल. मी आधी बोललो तर तू माझंच म्हणशील.”

तिने पुन्हा एकदा काटे पाहिले. “उतरून टाकावंसं वाटतंय. पण आपण उंच आहोत, वेगही जास्त आहे आणि पुस्तिकेची पानं राहिलीत. एक इंजिन नीट चाललंय, आग नाही. एक फेरी मारू.”

“मलाही तेच पटतं.”

त्या फेरीत सर नेमके माझ्या चिकटलेल्या पानांपाशी आले. त्यांनी ती नखाने हळूहळू सोडवली. मुलगी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. पान टर्रकन सुटलं, कोपरा फाटला, पण ओळ शाबूत राहिली: एका इंजिनावर उतरताना पंखांच्या पट्ट्या नेहमीपेक्षा कमी उघडाव्यात. घाईत उतरलो असतो तर ती ओळ वाचलीच गेली नसती.

“तुझा हात बसलाय. तूच उतरव,” सर म्हणाले.

आणि तिने उतरवलं. चाकं टेकली, विमान सरळ धावलं, थांबलं. मागून टाळ्यांचा असा कडकडाट आला की बंद दारातूनही मला ऐकू आला. एकशे बासष्ट माणसं आपल्या पायांनी उतरली. ताईंनी आत येऊन दोघांचे हात धरले आणि त्या रडल्या.

सरांनी कार्यालयात सगळ्यांसमोर सांगितलं, “माझा हात चुकला. हिने नाही म्हटलं, म्हणून मी आज इथे उभा आहे.” इतकं सरळ बोलणारा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर निवृत्त झाले. मला रद्दीत टाकणार होते, तेव्हा त्या मुलीने मला मागून घेतलं. आता ती स्वतः कप्तान आहे आणि नव्या वैमानिकांना शिकवते. सरावात ती मुद्दाम चुकीच्या दांड्यावर हात ठेवते आणि समोरचा ‘नाही’ म्हणेपर्यंत वाट बघत बसते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं पुस्तक असेल. त्याची पानं कोरडी ठेवा. आणि कोणी काही विचारलं, तर आधी बघा, मग ‘बरोबर’ म्हणा.

कालच एका नव्या वैमानिकाने वर्गात येऊन चहाचा कप माझ्यावर ठेवला. तिने फळ्यावरची नजरही हलवली नाही.

“उचल तो कप,” ती म्हणाली.