थाप आणि दोर

“यावर कुणाचाच विश्वास बसायचा नाही!” टाकीच्या तोंडाशी पालथा पडून स्पासोये आत ओरडला. “मागल्या पुरात तिसा नदीतल्या एका मिशाळ माशाने आपल्या पाद्रीबाबांची सायकल गिळली. घंटीसकट!”

आतून उत्तर आलं नाही.

मैल्याचा गाळ कुजवून वायू काढायची ती टाकी कित्येक वर्षांनी रिकामी केली होती. तळाशी वाळूचा नि केसांचा दगडासारखा थर बसला होता, आणि तो फोडायला स्पासोयेचा जावई गाव्रिलो कमरेला दोर बांधून उतरला होता. पंखा लावून आतली हवा पालटली होती, छातीवरच्या वायू मोजायच्या यंत्राचा दिवा उतरताना तरी हिरवा होता. पण थराखाली वायूचा एखादा फुगा दबा धरून बसलेला असतो. फावड्याचा घाव बसला की तो सुटतो. म्हणून इथली रीतच पडली होती: वरच्याने थापा मारायच्या आणि खालच्याने “खोटं!” म्हणून खेकसायचं. हा वायू शुद्ध मागाहून नेतो, आधी भांडायची खोड नेतो. आणि ज्या सर्बियन माणसाला भांडावंसं वाटत नाही, तो अर्धा मेलाच समजायचा.

“बाबा, ओढू का?” दोराच्या रहाटापाशी उभी असलेली मिलुंका म्हणाली. खाली तिचाच नवरा होता.

“थांब. दोर गाळ घुसळायच्या दांड्यामागून गेलाय. ओढलास तर आधी त्याचं डोकं आपटेल.”

“मग बोलत का नाहीत ते?”

“रुसला असेल. सकाळी मी त्याच्या घरच्या रकियाला जरा नावं ठेवली.”

“काय म्हणालात?”

“म्हटलं, या दारूने पाइपांचा गंज छान निघेल.”

“तुमच्या जिभेला काही हाड?”

रुसलाय की पडलाय? फावड्याचा आवाज थांबला होता. त्याच्या डोक्यावरच्या दिव्याचा उजेड दांड्यामागच्या भिंतीवर पडला होता, तो हलत नव्हता. स्पासोये उठला आणि त्याचा एक पाय नकळत आत गेला. मिलुंकाने त्याचा पट्टा धरून खेचलं.

“एकाला काढायला दुसरा उतरतो आणि गाव दोघांनाही एकदम पुरतं. बसा गप्प!”

“गप्प कसा बसू? बोलणं हेच माझं काम!”

तिसरी थाप वाया गेली की ओढायचंच, डोकं फुटो की राहो. दुसरी थाप त्याने फेकली: मासा रविवारी घंटी वाजवत देवळापर्यंत आला. खाली नुसता पंखा घोंघावत राहिला. मिलुंकाने रहाटाची मूठ धरली.

आता अशी थाप हवी होती, जी रुसलेल्या जावयाच्याही घशाखाली उतरणार नाही.

“आणि तो मासा धरला कुणी?” स्पासोये ओरडला. “मी! एकट्याने! तुम्ही, जावईबापू, काठावर बसून आईच्या नावाने रडत होतात!”

काहीच नाही. मिलुंकाने मूठ फिरवली. दोर ताणला. भिंतीवरचा उजेड थरथरला.

“खोटं!” टाकी घुमली. “साफ खोटं! सायकल गिळली ते कबूल, पण मासा मी धरला होता, बाबा! तुम्ही होडीत घोरत पडला होतात!”