कळलावीचा लेप

भाद्रपदाचं कोवळं ऊन सह्याद्रीच्या उतारावर सांडलं होतं. ओल्या, हरितश्यामल रानात कळलावी फुलली होती. तळाशी पिवळी, टोकाशी लाल, पाकळ्या आभाळाकडे वळवून. अग्निशिखा म्हणतात तिला, ते काही उगाच नाही. रूपगर्विता, ज्वालावर्णा, आणि मुळापासून फुलापर्यंत विषारी. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत.

तिच्याच वेलीशी ठकूबाई गुडघे टेकून कंद खणत होती. धनगरवाड्याची ती सुईण. वाड्यावरची निम्मी माणसं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडलेली. पण आज ते हात घाईघाईनं माती उकरत होते. खोपटात अडली होती ती तिचीच लेक, बायजा, पहिलटकरीण. कळा येत होत्या, विरत होत्या. ओढा दुथडी फुगलेला, डोली पलीकडे न्यायची सोय नव्हती.

हा कंद पोटात द्यायचा नसतो. उगाळायचा, आणि लेप बेंबीखाली अन् तळपायांना लावायचा. मूल बाहेर आलं की त्याचं तोंड पाहण्याआधी लेप धुऊन काढायचा. राहिला तर कळ थांबत नाही, रक्त थांबत नाही, असं वाड्यावर सगळ्याच जाणत. "आधी पाय धुवा गं, मग पोर बघा!" ठकूबाई घरोघरी दटावायची. एका हौशी सासूला तर तिनं नातवापासून दंडाला धरून मागं ओढलं होतं.

लेप लागला. कळांना जोर आला.

"आये, नाय सोसवत गं."

"सोस माझे बाय. आलंच बघ."

दुपार कलताना मूल आलं. मुलगी. निळी, निश्चल, निःशब्द.

त्या इवल्या नीलदेहापलीकडे ठकूबाईला जग दिसेना. तिनं पाठ चोळली, छाती चोळली, तोंडात फुंकर घातली. फुंकर, आणि फुंकर, आणि पुन्हा फुंकर. आणि पोर रडली! खोपट हसलं, दारातला जावई धाकू हसला, ठकूबाई रडत रडत हसली. आजी झाली होती ती. नातीला तिनं कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, पुसलं, दृष्ट काढली, डोळे भरून पाहिलं, तरी डोळे भरेनात. सुखासारखं आंधळं काही नसतं.

"आये, थंडी वाजते गं," बायजा म्हणाली.

"वाजायचीच, बाळंतिणीला," ठकूबाई म्हणाली, नातीवरची नजर न काढता.

वळून पाहिलं तेव्हा अंगाखालचं घोंगडं भिजून जड झालं होतं. मग तिला जे जे येत होतं ते ते तिनं केलं. पोट दाबलं, चिंध्या कोंबल्या, देवाला हाका मारल्या. ऊन डोंगराआड जाण्याआधी बायजा गेली.

अहेव गेलेली लेक. बायका तिला हळद लावायला बसल्या आणि शेजारची लक्षी पायांशी थबकली. तळव्यांवर लेप वाळून तडकला होता. लक्षीनं ठकूबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लक्षीनं पदराचं टोक ओलं केलं आणि धाकू आत यायच्या आधी दोन्ही तळवे पुसून काढले.

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या, शाप, काहीही. त्या मौनानं ठकूबाईचं काळीज फाटलं.

धाकू आला. डोळे सुजलेले, छातीशी फडक्यातली पोर. त्यानं ती सासूपुढे धरली.

"घ्या, मामी. तुमी व्हता म्हणून ही तरी वाचली."

ठकूबाईनं हात पुढे केले. मागे घेतले.

"थांब बाबा. हात धुऊन येते."

ती ओढ्यावर उतरली. सांजरंगात पाणी तांबूस, गढूळ, घोंघावत वाहत होतं. तिनं वाळूनं बोटं घासली, मनगटं घासली, नखं घासली. वर खोपटात पोर भुकेनं रडत होती, कुणीतरी ठकूबाईला हाका मारत होतं. आणि खाली, अंधारत्या काठावर, ठकूबाई हात धूत होती, धूत होती, धूतच होती.