मनोरमाबाईंचं बहिरेपण

"काय? ऐकू नाही आलं!" मनोरमाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. कढईत कांदा चरचरत होता आणि बाहेरच्या खोलीत ज्युलिएट इतिहासाचं पुस्तक धरून घामाघूम झाली होती.

"जोरात बोल ना," शेजारच्या नीरजने तिला कोपर मारलं. "बाई बहिऱ्या आहेत. सगळ्या जेसल पार्कला माहितीय."

माहीत होतंच. भाजीवाला भैया दारात "भाभी, मेथी!" असा बोंबलायचा, आणि बाईंचे यजमान ईश्वरकाका चहा असा मागायचे की वरच्या मजल्यावरच्यांनाही तल्लफ यावी. बाईंच्या शिकवणीची तऱ्हाच निराळी. बाई ओट्यापाशी, मुलं बाहेर, आणि धडा मुलांनी बाईंना समजावून सांगायचा. आवाज आतपर्यंत पोचला की त्या म्हणायच्या, "आता ऐकू आलं!" यापलीकडे शाबासकी नाही.

ज्युलिएट चौक गावची, नववीत. तिची आई भायंदरला दारोदार मासळी विकायची. एकदा पाटी उतरवता उतरवता ती बाईंजवळ रडलीच होती. "बाय, घरात पोरीचं त्वांड मिटत न्हाय, न शाळंत मुकी होते. ती न्हाय बोलली की पोरं हसतात. तोंडी परीक्षेत पास न्हाय झाली तं बाप तिला बोंबील सुकवायला बसवल."

"संध्याकाळी पाठव," बाई म्हणाल्या होत्या. त्याला आता महिना होत आला होता, पण ज्युलिएटचा आवाज काही फुटत नव्हता.

मग एक दिवस तिच्या आईची पाटी लवकर रिकामी झाली. तिच्या मदतीला आलेली ज्युलिएट वेळेआधीच बाईंकडे पोचली. दार लोटलेलं होतं. आत रेडिओ इतका हळू लावलेला की उंबऱ्यापर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता. खुर्चीत बाई डोळे मिटून मजेत ताल धरत होत्या! ज्युलिएटने चपला हातात घेतल्या आणि चवड्यावर आत आली.

"ज्युलिएट, आज लवकर कशी गं?" बाईंनी डोळेही उघडले नाहीत.

तिची बोबडीच वळली. "बाई, तुम्ही... बहिऱ्या न्हाय?"

"शू! हळू बोल. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला हळू बोल म्हणतेय." बाई खुदकन हसल्या. "अगं, समोरच्याला ऐकू येतंय म्हटलं की तुमचे घसे बसतात. बहिऱ्यापुढे चुकायला कोण लाजतं?"

"न मग लोकं?"

"लोक काय! जिन्यात बायका माझ्या तोंडावर माझी नालस्ती करतात. वाईट वाटतं गं. पण तुझ्याशिवाय हळू बोलणारं एक पोर दाखव माझ्या शिकवणीतलं! आता तुला कळलंय. तुझ्यापुरतं माझं औषध संपलं. आता काय करशील?"

ज्युलिएट आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. मग तिने पुस्तक उघडलं आणि अशी काही सुरू झाली की समोरच्या मंदाताई दार उघडून बघायला आल्या. बाईंनी झटकन रेडिओ बंद केला, कानामागे हात धरला आणि ज्युलिएटला डोळा मारला.

तोंडी परीक्षेत तिचं एक "न्हाय" निसटलंच. वर्ग हसला. ज्युलिएटने वळून पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ऐकू आलं ना सगळ्यांना?" मग उरलेलं उत्तर तिने पुरं केलं. त्या वर्षी बोंबील तिच्यावाचून सुकले.

आठ वर्षांनी, गावच्याच शाळेत शिक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा ती पेढे घेऊन जेसल पार्कला गेली. ईश्वरकाकांनी दार उघडलं आणि आत वळून हाक मारली, "अगं, ज्युलिएट आलीय! ज्यु-लि-एट!"

"काका, माझ्यापुढे कशाला नाटक?" ती हसली. काका हसले नाहीत.

बाई खुर्चीत होत्या. केस पांढरे झालेले. ज्युलिएट त्यांच्या पाया पडली आणि मुद्दाम, अगदी कानगोष्ट करावी तसं म्हणाली, "बाई, मला नोकरी लागली."

"काय? ऐकू नाही आलं."

ज्युलिएटला हसू फुटलं. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी. तिसरी. बाईंची मान वळली नाही. काका मुकाट्याने आत जाऊन गॅस बंद करून आले. फडताळावरच्या रेडिओवर विणलेला रुमाल पांघरलेला होता.

"दोन वर्षं झाली," काका हलकेच म्हणाले. "शेजाऱ्यांना अजून पत्ता नाही. त्यांच्या लेखी ती पहिल्यापासूनच तशी."

ज्युलिएटने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. बाई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या. ती उठली, महिनाभर घाम गाळत बसायची त्याच जागी जाऊन उभी राहिली, आणि छाती भरून ओरडली, "बाय! मना नोकरी लागली! चौकला! पोरांना शिकवणार हाय मी!"

समोरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "क्या हुआ?" म्हणून विचारलं.

बाईंनी तिचे हलणारे ओठ शेवटपर्यंत पाहिले. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता ऐकू आलं!"