हातावर तोलून घेतलेला कॅमेरा

मी एक कॅमेरा बोलतोय, आणि बोलतोय तो पत्र्याच्या पेटीतून. अंगावर एक जुनं लुगडं आहे, शेजारी डांबराच्या गोळ्या आहेत, भिंगावर बुरशीची जाळी धरायला लागली आहे. गळ्यात अडकवला की माणूस उगाच ताठ चालायला लागतो, त्या जातीचा मी, डीएसएलआर. त्यातही सगळ्यात खालच्या पायरीवरचा, शिकाऊ माणसांसाठी केलेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अपेक्षा नको.

जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यातला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते कलबुर्गीच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथे मी इतका काळ बसलो, की माझ्या मागून आलेले दोघे विकले गेले आणि माझ्या खोक्याचा रंग उडाला. गिऱ्हाईक यायचं, मला डोळ्याला लावायचं, सेल्फी कसा येतो म्हणून विचारायचं आणि परत ठेवायचं.

मग एक दिवस दुबलगुंडीची रूपा आली. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली. सोबत तिचे वडील लिंगाप्पा, खांद्यावर घोंगडं. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं. रूपाला लग्नाचे फोटो काढायचा धंदा करायचा होता. तिची आई सुगंधाबाई यांनी मात्र औरादकडचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. शेवटी लिंगाप्पांनी तोड काढली. एक लग्नसराई थांबायचं. पोरीचा जम बसला तर स्थळाला नाही म्हणायचं. नाही बसला तर तिनं निमूट बोहल्यावर उभं राहायचं. कॅमेऱ्यासाठी त्यांनी आपला कळप विकायला काढला होता आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले होते.

रूपा तयारीनं आली होती. सहा महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून तिनं सगळं पाठ केलं होतं. तिनं एका लहानशा, हलक्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला मोठ्या तोंडाची लेन्स होती, कमी उजेडातही बघणारी. किंमत माझ्याएवढीच.

"अप्पा, मांडवात उजेड कमी राहतंय. बॉडी साधी चालतीय, लेन्स चांगली पायजे."

लिंगाप्पांनी तो कॅमेरा तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला. मग मला घेतलं. मेंढरू घेताना पाठीवर अंगठा दाबून मांस बघतात, तसा माझ्या पाठीवर दाबला.

"ह्ये बग. ह्येच्यात माल हाय. त्ये निस्तं कातडं हाय."

"अण्णा, त्ये नवीन हाय," दुकानदार म्हणाला. "आता हलकंच चांगलं राहतंय."

"हलकं कामून चांगलं राहील? चाळीस वर्सं मेंढरं घ्यायलोय मी."

दुकानदारानं लगेच माझं खोकं पुढे केलं. मी त्याच्याकडे पडून होतो, जात असेल तर बरंच. रूपानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अप्पांकडे, आणि म्हणाली, "बरं, ह्योच घेऊ." त्या शब्दांचा मला अजून राग येतो. चारचौघांत बापाला चुकीचं ठरवणं तिच्यानं झालं नाही. पण खोटं कशाला बोलू? आपल्याला कुणीतरी निवडलं म्हणून त्या दिवशी मी खूश होतो.

व्यापारी कळप आठ दिवसांनी नेणार होता. ते आठ दिवस म्हणजेच माझं आयुष्य, बाकी सगळं वाट बघणं. रूपा सकाळी मला घेऊन अप्पांबरोबर रानात जायची आणि मेंढरांवर शिकायची. काळ्या मेंढीचा फोटो सोपा नसतो. काळं दिसलं की आम्हाला वाटतं उजेडच कमी आहे, आणि आम्ही सगळंच पांढुरकं करून ठेवतो. माझी ही खोड तिनं दोन दिवसांत ओळखली आणि मोडली. मग लोकरीचा केस न्‌ केस उठून दिसायला लागला. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी, मोडकानी, लंगडी, एकेकीचे फोटो काढले तिनं. उन्हात मी कुणाला हार जाणारा नव्हतो.

कळप गेला. घरामागचा मेंढरांचा वाडगा रिकामा झाला. त्यानंतर रोज दिवे लागायच्या आधी लिंगाप्पा ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "रूपा, मेंढरं दाव." ती माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर एकेक दाखवायची. "ही चांदी. पोटात होतं बग तिच्या," ते म्हणायचे. नुसत्या पाठीवरूनही ते मेंढी ओळखायचे.

पहिलं काम अचानक आलं. निर्णा गावच्या एका लग्नातला ठरलेला फोटोग्राफर ऐन वेळी आला नाही, म्हणून सकाळीच फोन आला. मुहूर्त दुपारचा. माझी पिशवी लिंगाप्पांनी खांद्यावर घेतली आणि बापलेक पोहोचले. हळदीचे फोटो उघड्यावर होते, ते झकास आले. मग सगळे मांडवात शिरले. मंगलाष्टकं सुरू होणार, आणि माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली: कार्ड भरलं.

कार्ड एकच होतं, माझ्यासोबत फुकट आलेलं. त्यात हळद होती आणि मेंढरं होती. मेंढरांचे फोटो दुसरीकडे कुठे उतरवलेलेच नव्हते. घरी कॉम्प्युटर नाही, मोबाईलमध्ये जागा नाही. रूपाचा हात थांबला. लिंगाप्पांना न सांगताच कळलं.

"काढून टाक ती. मेंढरं तर गेलीच की."

"अप्पा..."

"काढ म्हन्तो न्हवं. भटजी उभं राहायलाय."

तारखेवार पुसायची सोय माझ्यात आहे. मी विचारलं, नक्की पुसायचं का? तिनं हो दाबलं. मी पुसलं. माझ्या हातात दुसरं काय होतं?

आणि त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. पत्र्याचा बंद मांडव, वर जांभळे दिवे. मला नवरीचा चेहरा सापडेना. भिंग घुर्र करून पुढे, घुर्र करून मागे. रूपा बटण दाबतेय, मी फोटोच घेत नाही. समोर मोबाईल धरलेले पन्नास हात. शेवटी तिनं माझ्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला, तेवढ्यात अक्षता पडल्या. फ्लॅशचा उजेड जवळच्या तांदळांवरच संपला. फोटोत पांढरेफेक दाणे आले आणि त्यांच्या मागे दोन काळे चेहरे.

नवरीच्या मामानं पडद्यात डोकावून बघितलं. "पोरी, तांदळाचं फोटो काढायलीस का लग्नाचं? माज्या मोबाईलात ह्याच्यापेक्षा साफ आलंय." ते फोटो त्यांनी नेलेच नाहीत.

परतताना बसमध्ये लिंगाप्पांनी माझी पिशवी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, "रूपा, त्ये हलकं घेतलं असतं तर?"

"तसंच आलं असतं, अप्पा," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि मला वाटतं लिंगाप्पांनाही ठाऊक झालं.

फोटो काळे येतात हे दहा गावांत पसरलं. पुन्हा फोन आला नाही. लग्नसराई संपायच्या आत औरादचे पाहुणे येऊन सुपारी फोडून गेले. रूपाच्या लग्नात कॅमेरावाले तिघे होते, वर ड्रोन फिरत होता. मी पेटीत होतो. सासरी जाताना तिनं मला मागितलं नाही. मला चालू कसं करायचं एवढं अप्पांना शिकवून ती गेली.

काही दिवस लिंगाप्पा मला बाहेर काढायचे. बटण दाबत हळद, तांदूळ, काळे चेहरे बघत पुढे जायचे. शेवटच्या फोटोनंतर फिरून पहिला येतो, हे त्यांना कळत नसे. अजून पुढे काहीतरी असेल असं वाटून ते दाबतच राहायचे. चार्जिंग संपलं. सुगंधाबाईंनी मला लुगड्यात गुंडाळलं.

तुम्ही नवा कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा माझं एवढं ऐका. वजन बघू नका. फोटो कुठल्या उजेडात काढायचे आहेत ते आधी ठरवा, आणि लेन्स तशी बघा. ज्याला वापरायचा आहे, त्याला बोलू द्या. आणि कार्ड दोन घ्या.

काल पेटी उघडली होती. लिंगाप्पांनी मला काढलं, तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केलं. मी होतो तेवढाच जड आहे. त्यांनी मला परत ठेवलं आणि झाकण लावलं.