जोडीतला एक खांब

मी एक खांब आहे. ओकाच्या लाकडाचा, धुराने काळा पडलेला, दोन माणसं उंच. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये नदीकाठी एक जुनं घर जपून ठेवलं आहे, त्याच्या मोठ्या दालनात मी उभा असतो. घर मूळचं इंग्लंडातलं, ट्यूडर राजांच्या काळचं, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं. माझ्याभोवती जाड दोर बांधला आहे आणि हात लावू नये अशी पाटी आहे. लोक तिकीट काढून येतात, मान वर करून बघतात आणि पुढे जातात. बोलायची घाई मला कधीच नव्हती.

मी झाड होतो तेव्हाचं फारसं आठवत नाही. आठवतं ते कापणं. जमिनीत माणूसभर खोल खड्डा, त्यावर मला आडवं ठेवलेलं, आणि लांब करवत धरून दोघं जण. एक माझ्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा करवत वर घ्यायचा, खालचा खाली ओढायचा. भुसा सगळा खालच्याच्या तोंडावर. मधूनच तो थांबायला सांगायचा, डोळे पुसायचा. जिथे जिथे थांबले तिथे तिथे माझ्या अंगावर खोल रेघ उमटली. दोन दिवसांत माझे उभे दोन भाग झाले. एक मी, दुसरा तो.

सुतारांनी आमच्या अंगावर पटाशीने सारखीच खूण केली आणि दालनात आम्हाला समोरासमोर उभं केलं. साडेतीनशे वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. मधल्या जागेत लग्नं झाली, भांडणं झाली, प्रेतं ठेवली गेली. चिखलाचे बूट काढताना माणसं आम्हाला धरायची. दुःख झालेला माणूस टेकायच्या आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहत नाही ना म्हणून. असे पुष्कळ जण टेकले.

मग घराचे दिवस फिरले. दालनात बटाट्यांची पोती आली, कोंबड्या आल्या. माझ्या जोडीदाराच्या बाजूचं छप्पर गळायचं. पाणी त्याच्या पायाशी साठायचं.

एकोणीसशे सव्वीस साली एका अमेरिकन माणसाने घर विकत घेतलं. सगळं सुटं केलं, प्रत्येक लाकडावर आकडा घातला, पेट्या भरल्या. एक जण माझ्या जोडीदाराच्या पायाशी उकिडवा बसला, त्याने सुरी खुपसली. सुरी मुठीपर्यंत आत गेली. "हा कुजलाय," तो म्हणाला. मला गाडीत चढवलं तेव्हा माझा जोडीदार गवतावर आडवा पडला होता. पाऊस नव्हता, ऊन होतं. तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो.

इथे अमेरिकेत त्याच्या जागी नवा खांब उभा केला. गिरणीत कापलेला, रंग देऊन काळा केलेला. त्याचा काही दोष नाही. तो आपलं काम करतो. पण आम्हाला एकमेकांशी काही बोलता आलं नाही.

साठ वर्षांत कुणाला काही कळलं नाही. घर दाखवणाऱ्या बाई सगळ्यांना सांगायच्या, हे दोन्ही खांब एकाच झाडाचे.

पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला लोकरीची टोपी, अंगात मुलाचा ढगळ कोट. बरोबर मुलगा विनय, इथे इंजिनिअर असलेला, आणि नऊ वर्षांची नात दीपा. म्हातारबाबा पाटणकडचे सुतार होते. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण लाकडावर हात ठेवून बोलणाऱ्याचं बोलणं लाकडाला समजतं.

"आजोबा, डोन्ट टच," दीपा म्हणाली. तोवर त्यांचा हात दोराखालून माझ्यावर आला होता.

"बाबा, ते हाकलतील आपल्याला."

"हाकलू देत. हे हाताने कापलंय. दोघांनी." त्यांचं बोट रेघांवरून खाली उतरत गेलं. "इथे थांबलेत. इथे परत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा गेला असणार."

मग ते समोरच्या खांबाकडे गेले. त्याला नुसतं एकदा चाचपलं. "हा याच्या जोडीचा नाही. मशीनचा आहे."

"बाबा, बाई आत्ताच म्हणाल्या ना, दोन्ही एकाच झाडाचे."

"बाईंनी करवत कधी धरली होती?"

विनय हसला आणि त्याने बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही खांब जवळून पाहिले आणि आत गेल्या. एक जुनी वही घेऊन परत आल्या. वहीत लिहिलेलं होतं: एक खांब पायाशी कुजलेला, तिथेच सोडला.

विनयने ते मराठीत सांगितलं.

"हातभर कापायचा होता," म्हातारबाबा म्हणाले. "खालून नवा तुकडा सांधायचा. वरचा सगळा धड होता की. आम्ही किती खांब असे उभे केलेत."

साठ वर्षं मला वाटायचं, त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. तसं मानणं सोपं होतं.

विनय हळू आवाजात म्हणाला, "पण बाबा, बाकीचं घर आलं ना समुद्र ओलांडून? उभं आहे ना? मग तुम्हालाच का जमू नये?"

"मला एकट्यालाच आणलंस."

"आता परत जायचा विषय नको. गुरुवारी तुमचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. त्याआधी गेलात तर अर्ज कॅन्सल. दीड वर्ष वाट बघितली आपण."

"नाना अंथरुणात आहे. पत्र आलंय."

"मला माहीत आहे. पैसे पाठवलेत, त्यांच्या देखभालीला बाई ठेवलीय. आणि काय करू?"

नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. हे मला पुढच्या बोलण्यातून कळलं. म्हातारबाबा माझ्या रेघांवर हात ठेवूनच बोलत होते, मुलाकडे बघत नव्हते.

"चाळीस वर्षं आम्ही एक करवत ओढली. थोरला तो. वर उभं राहायचा मान त्याचा. पण खड्ड्यात तोच उतरायचा. म्हणायचा, मला ना बायको ना पोर, तू वर राहा, तुझे डोळे तुझ्या पोराला लागतील. आता त्याला दिसत नाही. पाय मोडलाय. लोक म्हणत असतील, म्हातारा संपला. वरचा सगळा धड आहे रे तो. बोलतो, हसतो, शिव्या देतो."

दीपा विनयकडे बघत होती.

"हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही," विनय म्हणाला.

"त्यानेच सांगू दिलं नाही."

"किती दिवस राहाल तिकडे?"

"तो आहे तोवर."

विनयने रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. "मग अर्ज गेला समजा." तो म्हणाला, "मी येतो सोडायला. मीही नानाकाकांना अकरा वर्षं बघितलं नाही."

ते गेले. त्या दिवसापासून बाई खरं सांगतात: हा जुना, तो नवा.

पुढच्या वसंतात शाळेची सहल आली. त्यात दीपा होती. माझ्यासमोर मैत्रिणीला ती इंग्रजीत सांगत होती, याचा दुसरा अर्धा भाग वाचवता आला असता, माझ्या आजोबांनी सांगितलं.

"कुठे असतात तुझे आजोबा?" मैत्रिणीने विचारलं.

"घरी," दीपा म्हणाली. "त्यांच्या भावाला काठीने चालायला शिकवतायत. तो म्हणे फार शिव्या देतो."

दोघी हसत पुढे गेल्या.

माझं आता वय झालं. आणखी शे-दोनशे वर्षं उभा राहीन. मागणं एवढंच आहे: कुणी कुजलेला म्हणून बाजूला पडला असेल, तर सोडून जाण्याआधी एकदा वरपर्यंत हात फिरवून बघा.