हसऱ्या कप्तानाचा जिवंत अभिनय

सरकारचं विमानखातं आणि विमान कंपनी यांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत होतं: चूक दुसऱ्याची. त्यामुळे दोघांनी मिळून वैमानिकांच्या मनाच्या तब्येतीसाठी योजना काढली, तेव्हा सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला. झोप लागत नाही, जीव घाबरतो, असं वैमानिकाने आपणहून सांगायचं. उपचार होणार, बरं वाटलं की परत विमानात. लायसन कायमचं जाणार नाही.

एकही वैमानिक फिरकला नाही.

"तुमच्या लोकांची फक्त पोटंच बिघडतात का हो?" खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना विचारलं. "रजेच्या अर्जात डोकं कधी दिसतच नाही!"

मग वैमानिकांना धीर यावा म्हणून एक नाटुकलं बसवायचं ठरलं. डॉक्टर म्हणून बाई स्वतःच. आजारी वैमानिक म्हणून साहेबांनी निवडला हसरा कप्तान. "याला काही झालेलं नाही हे जगजाहीर आहे. उगाच कुणाचा गैरसमज नको."

झालेलं होतं, पण ते फक्त हसऱ्याला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. विमान उतरवताना हात कापायचे, ते शेजारच्या वैमानिकाला दिसू नयेत म्हणून तो विनोद सांगायचा. बायको कानीकपाळी ओरडत होती, "अहो, सांगून टाका! मागे बसलेली माणसं विनोद ऐकायला आलेली नसतात." पण सांगितलं आणि उडणंच सुटलं तर? उडण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. चहासुद्धा धड जमत नव्हता.

सभागृह भरलं. हसऱ्याने पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "डॉक्टर, मला झोप लागत नाही." दुसरं वाक्य आठवेचना. मग जे खरं होतं तेच बाहेर पडलं. "धावपट्टी दिसली की हात माझे राहत नाहीत. परवा शेजारच्याने सांभाळून घेतलं. पुढच्या वेळी तो नसला तर..." त्याला रडू फुटलं.

टाळ्यांचा कडकडाट!

"काय जिवंत अभिनय!" साहेब ओरडले.

"साहेब, हा अभिनय नाही."

"वा! हे वाक्य तर ठेवायचंच!"

फोटोवाला पुढे धावला. "कप्तान, जरा इकडे तोंड करून रडा ना."

बाईंनी हातातले संवादाचे कागद खाली ठेवले. टाळ्या विरत गेल्या.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"मग उद्यापासून उड्डाण बंद." हसऱ्याचा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, "सध्यापुरतं हो! उपचार माझ्याकडे. तोवर कंपनी जमिनीवरचं काम देईल. आणि बरे झालात की तुमची जागा तुम्हाला. देईल ना, साहेब?"

साहेबांच्या तोंडात बिस्किट होतं. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी मान हलवली.

"गिळून सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"देईल!" साहेब ठसकत म्हणाले. "शब्द आहे कंपनीचा!"

हसऱ्याने कितीतरी महिन्यांनी खोल श्वास घेतला.

तिसऱ्या रांगेतून एक वैमानिक मुलगी उभी राहिली. "बाई," ती चाचरत म्हणाली, "नाटकात अजून एखादी भूमिका आहे का?"

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हसरा उठला आणि तिच्यासाठी खुर्ची आणायला गेला.