फिंटनच्या ओळी

ब्रोना गेराटी पानभराच्या गोष्टी लिहायची, याला कारण तिची आई. आई अंथरुणाला खिळलेली. तिला भरवायचं, कूस बदलून द्यायची, चादरी धुवायच्या, आणि यातून जो वेळ उरेल तेवढ्यात लिहून संपेल तेच ब्रोनाचं लिखाण. कादंबरी का लिहीत नाहीस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "कादंबरीला घरात दुसरं माणूस लागतं."

गोष्टी ती इंटरनेटवरच्या मासिकांकडे पाठवायची. बहुतेक परत यायच्या. काही छापल्या जायच्या आणि आठवडाभर कुणीतरी दोन शब्द कौतुकाचे लिहायचं. मग मासिकच बंद पडायचं. एकदा आपली एक जुनी गोष्ट शोधायला गेली, तर त्या पत्त्यावर बुटांची जाहिरात लागलेली. गोष्टीची दुसरी प्रत तिच्याकडे नव्हती. आई आतून हाका मारत होती, म्हणून तिला वाईट वाटून घ्यायलाही सवड झाली नाही.

कासलबार गावच्या वाचनालयात एका संध्याकाळी तिला गोष्ट वाचायला बोलावलं, तिथे फिंटन लॉफ्टस भेटले. बेलमलेटचे निवृत्त मुख्याध्यापक, दोन कवितासंग्रह नावावर, जिल्ह्यात मान. वाचन झाल्यावर ते तिच्यापाशी आले आणि म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. शेवटचं वाक्य मात्र उडव. तुझा वाचणाऱ्यांवर विश्वास नाही."

घरी येऊन तिने वाक्य उडवलं. म्हाताऱ्याचं खरं होतं.

पुढे त्यांनीच सुचवलं, जोडकविता लिहू. एक ओळ तुझी, एक माझी, रोज सकाळी ईमेलने. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही आणि अर्थ विचारायचा नाही. ब्रोनाला हे मानवलं. एका ओळीला वेळ सापडतोच, आईचा चहा उकळेपर्यंतही सापडतो. फिंटनच्या ओळी घडीव असायच्या. त्यांत समुद्र असायचा, संत असायचे, ग्रीक देव असायचे. त्यांच्यापुढे आपली ओळ म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत घातलेली स्वयंपाकघरातली खुर्ची, असं तिला वाटायचं.

आई गेली. ओळी चालू राहिल्या.

त्या वसंतात फिंटनच्या ओळी बदलल्या. देव गेले, संत गेले. धुण्याचं तसराळं आलं, खुडूक कोंबडी आली, घोट गिळणाऱ्या माणसाच्या गळ्याचा आवाज आला. त्यांना बरं नाही, एवढं ब्रोनाच्या कानावर होतं. आजाराने माणूस सोलून निघाला असेल, असं ती समजली. नियम मोडून तिने एकदा लिहिलं, 'तुमच्या ओळी आता अंगावर येतात.' त्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी ओळ आली. तिच्या स्वतःच्या ओळीही कसदार होऊ लागल्या. या कविता मासिकांनी घेतल्या, परत आली ती एखादीच. स्लायगोचा कॉर्मक छोटी छोटी पुस्तकं काढायचा. तो म्हणाला, पुस्तक करू.

नोव्हेंबरात एका दुपारी ती पावाला लोणी लावत होती आणि रेडिओवर जिल्ह्यातल्या मृत्यूंची यादी चालू होती. फिंटन लॉफ्टस, बेलमलेट, दीर्घ आजारानंतर, काल पहाटे, राहत्या घरी.

काल पहाटे. आणि त्यांची ओळ तर आज सकाळी आली होती: 'चादरीची घडी घालायची आहे, दुसरं टोक धरायला कुणी नाही.'

संध्याकाळी ती गाडी काढून गेली. घर माणसांनी भरलेलं. सँडविचची ताटं फिरत होती, पुढच्या खोलीत शवपेटी उघडी होती आणि फिंटनच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. चेहरा इतका आक्रसला होता की ब्रोनाने हात पाहून ओळखलं. भिंतीशी खुर्चीवर त्यांची बायको, फिलोमिना. ठेंगणी, करडा स्वेटर घातलेली. ब्रोनाने तिचा हात हातात घेऊन रीतीप्रमाणे म्हटलं, "वाईट झालं." मग आपलं नाव सांगितलं.

फिलोमिनाने हात सोडला नाही. "दूध संपलंय," ती शेजारणीला म्हणाली, "ही पोरगी मदत करेल मला," आणि ब्रोनाला घेऊन मागच्या धुण्याच्या खोलीत गेली. दार लावलं.

"तू विचारायच्या आधी मीच सांगते. मार्चमध्ये त्याला झटका आला. तेव्हापासूनच्या ओळी माझ्या."

ब्रोना म्हणाली, "ते तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही लिहायचात?"

"काय सांगणार गं तो? वाचा गेली होती. ऐकू मात्र सगळं यायचं. पहिल्या दिवशी तुझी ओळ वाचून दाखवली, म्हटलं, मी काहीतरी लिहून पाठवू का, ती पोरगी वाट बघत असेल. एक बोट हलायचं त्याचं. हो म्हणजे एकदा, नाही म्हणजे दोनदा. त्याने दोनदा हलवलं."

"मग?"

"मग पाठवली." फिलोमिनाने फ्रीज उघडला आणि दूध न काढताच बंद केला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा. रोज नाहीच म्हणायचा. पुढे पुढे मी वाचायला लागले की डोळे मिटून घ्यायचा. तरी मी वाचायचे. एवढ्या वर्षांत मला या घरात कुणी काही विचारून उत्तराची वाट बघत बसलं नव्हतं. तू बसायचीस. दुसऱ्या दिवसापर्यंत."

"आणि आजची?"

"आजची इथेच बसून लिहिली. तिकडे त्याला पेटीत ठेवत होते."

बाहेर जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. फिलोमिनाने डोळे पुसले, दूध काढलं आणि निघाली.

अंत्यविधी झाल्यावर ब्रोना पुन्हा गेली. म्हणाली, पुस्तकावर तुमचं नाव यायला हवं. चांगल्या ओळी तुमच्या आहेत. फिलोमिना बटाटे सोलत होती.

"नाव त्याचंच घाल."

"पण ते खोटं होईल."

"होऊ दे. माझं नाव छापलंस तर डेक्लन विचारेल, आई, बाबांना घरघर लागली होती तेव्हा तू ओळी जुळवत होतीस? आणि त्याचं उत्तर हो असं आहे. लेकाला ते मी कुठल्या तोंडाने देऊ?"

"त्यांनी नको म्हटलं होतं ते कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

ब्रोनाने पुढे वाद घातला नाही. घरी जाऊन पुस्तकच मागे घ्यावं, असं तिच्या मनात आलं. कॉर्मकला फोन लावायला म्हणून ती दोनदा उठली. पण त्या पुस्तकात तिच्याही ओळी होत्या, आणि याआधी तिचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. तिने फोन केला नाही. कॉर्मकने मुखपृष्ठावर फिंटनचा फोटो घातला.

प्रकाशन बेलमलेटच्या वाचनालयात झालं. पहिल्या रांगेत फिलोमिना, काळ्या कोटात. लोक येऊन तिचा हात दाबत होते, मास्तरांनी शेवटी किती सुंदर लिहिलं म्हणून सांगत होते. मुलगा डेक्लन डब्लिनहून आला होता. वडिलांची शेवटची ओळ वाचतो, म्हणाला, आणि चादरीची ओळ वाचली. मग तो हसला.

"खरं सांगायचं तर बाबांनी जन्मात कधी चादरीचं टोक धरलं नाही. पण मनात होतं म्हणायचं."

लोक हसले. फिलोमिनाही त्यांच्याबरोबर हसली. ब्रोना बाजूला हातात पुस्तक घेऊन उभी होती. तिची पाळी आली, तेव्हा तिने आपल्या ओळी वाचल्या आणि खाली बसली.

पुढच्या आठवड्यात तिने जुन्याच ईमेल पत्त्यावर एक ओळ पाठवली. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी आणखी एक. मग ती स्वतःच गेली. फिलोमिनाने चहा केला, मनुकांचा ब्रेड कापला, गुडघ्याच्या दुखण्याचं सांगितलं.

"माझ्या ओळी मिळाल्या का?" ब्रोनाने विचारलं.

"मिळाल्या. बसले होते मी. सकाळभर बसले."

"मग?"

"येत नाही गं." फिलोमिना चुलीकडे बघत होती. "तो पलीकडे पडलेला असायचा, नको म्हणत. त्याच्या नाकावर टिच्चून लिहायचे मी. आता नको म्हणणारं कुणी नाही आणि मला काही सुचत नाही. त्याला छळायलाच लिहीत होते की काय, कोण जाणे."

"असं नका म्हणू."

"मग काय म्हणू? आता नको पाठवत जाऊस, पोरी. ओळ आली की मी दिवसभर तिच्यासमोर बसून राहते."

ब्रोनाने पाठवणं बंद केलं. जोडीने लिहू या का, असं नंतर एकदोघांनी विचारलं, तिने नाही म्हटलं. पानभराच्या गोष्टी तिने पुन्हा लिहून पाहिल्या. बायको, आजारी नवरा, एक बोट, एवढंच दर वेळी कागदावर यायचं आणि ती ते पुसून टाकायची.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मागच्या पानावर कॉर्मकने कुणा परीक्षकाचं वाक्य छापलं: शेवटच्या आजारपणात लॉफ्टस यांना प्रथमच आपलं घर दिसलं. एक प्रत फिलोमिनाकडे गेली. आईने ती पुढच्या खोलीत बाबांच्या फोटोशेजारी उभी करून ठेवली आहे आणि रोज तिच्यावरची धूळ पुसते, असं डेक्लन सांगत होता.